दाबाचा निरोप उशिरा पोचतो तेव्हा

माझ्या टेबलासमोरच्या फलकावर दोन छायाचित्रं शेजारीशेजारी टाचलेली आहेत. पहिलं कॅल्टेकचं, गॅरी ब्राउन आणि अनातोल रोश्को यांच्या १९७४ च्या शोधनिबंधातलं. एका बाजूने वेगाने जाणारा वायू, दुसऱ्या बाजूने संथ जाणारा वायू, आणि दोहोंच्या सीमेवर पुढे पुढे मोठे होत गेलेले भोवरे. अळूवडीचा उंडा कापून काप ओळीने मांडावेत तसे दिसतात; आत वळत गेलेला पापुद्रान् पापुद्रा मोजता येतो. दुसरं स्टॅनफर्डचं, नोएल क्लेमेन्स आणि गॉडफ्री मंगल यांनी १९९० च्या दशकात घेतलेल्यांपैकी. मांडणी तीच, दोन समांतर प्रवाह आणि मधली सीमा. वेगांतली तफावत मात्र ध्वनिवेगाच्या हिशेबात बरीच जास्त. या चित्रात वड्या शोधूनही सापडत नाहीत. आहे तो फाटक्या कडांचा एक पट्टा. त्यात मधूनच एखादा उंचवटा, एखादी तिरकी जीभ. आणि पट्टा पहिल्यापेक्षा अंगाने पुष्कळ बारीक.

वड्या कुठे गेल्या, आणि पट्टा बारीक का झाला? या दोन प्रश्नांवर गेली पन्नासेक वर्षं खल चालू आहे. उत्तर आता बऱ्यापैकी हाती आलं आहे. पण तिथे पोचताना या शास्त्राने एकदा चुकीचं कारण सोडून बरोबर धरलं, मग पुन्हा एक चुकीचं धरलं, आणि ते दुसरं चुकीचं कारण संगणकाच्या सूत्रांत आजही ठाण मांडून आहे. हा आढावा मुख्यतः त्या घोळाचा आहे.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते सांगतो. २८ ऑगस्ट २०१६ ला श्रीहरिकोट्याहून 'इस्रो'ने एका साउंडिंग रॉकेटवर दोन स्क्रॅमजेट इंजिनं, म्हणजे ध्वनीहून वेगाने वाहत्या हवेतच इंधन जाळणारी, चढवून उडवली. ध्वनीच्या सहापट वेगाला ती सुमारे ५ सेकंद जळली. पुढे ७ सप्टेंबर २०२० ला 'डीआरडीओ'च्या चाचणीत ज्वलन २० सेकंदांहून जास्त टिकलं. सेकंदांचे हे आकडे किरकोळ वाटतील, पण आतल्या हवेच्या दृष्टीने ५ सेकंद म्हणजे कित्येक जन्म. इंजिनातून हवा सेकंदाला दीड किलोमीटरने धावत असेल आणि ज्वलनकक्ष मीटरभर लांब असेल, तर तिला आत मिळतो एका सेकंदाचे दीड हजार भाग करून त्यांतला एक. तेवढ्यात हायड्रोजन किंवा केरोसीन तिच्यात शिरायचं, रेणूंच्या पातळीपर्यंत मिसळायचं, पेटायचं आणि उष्णता द्यायची. यात पेटणं झटपट होतं, वेळ खातं ते मिसळणं. आणि नेमक्या याच वेगाला मिश्रणाचा पट्टा बारीक होतो. स्क्रॅमजेटवाल्यांचं निम्मं दुखणं एवढ्यात आलं.

कमी वेगाच्या प्रवाहांत मिसळण्याचं काम मोठे भोवरे करतात. सीमेवर जराशी लहर उठली की वरचा वायू तिला पुढे ढकलतो, खालचा मागे ओढतो, आणि लहर स्वतःभोवती गुंडाळली जाते. शेजारचे दोन भोवरे एकमेकांभोवती फिरतात आणि एक होतात. मग तो मोठा पुढच्या मोठ्याशी जुळतो. स्थिर हवेच्या बाजूने एकच प्रवाह जात असेल तर पट्टा दर मीटरमागे साधारण १६ ते १८ सेंटिमीटरने रुंदावतो. दोन्ही बाजूंचा वायू आधी मोठ्या घासांनी आत ओढला जातो, मग आतल्या आत बारीक होतो. ब्राउन-रोश्को यांच्या आधी प्रक्षुब्ध प्रवाह म्हणजे सगळा निव्वळ गोंधळ, अशी समजूत रूढ होती. त्या गोंधळाला इतका ठसठशीत सांगाडा आहे हे त्यांच्या ठिणगीच्या प्रकाशातल्या छायाचित्रांनी दाखवलं, आणि हा निबंध प्रसिद्ध झाला तो त्या सांगाड्यासाठी.

गंमत अशी, की त्यांनी प्रयोग मांडला होता तो वेगळ्याच प्रश्नासाठी. ध्वनीहून वेगवान प्रवाहाच्या कडेचा पट्टा बारीक राहतो हे तेव्हा ठाऊक होतं. 'नासा'च्या लँगली केंद्रात १९७२ मध्ये झालेल्या परिषदेत बर्च आणि एगर्स यांनी तोवरची मोजमापं एकत्र केली. त्यातून निघालेला उतरता आलेख 'लँगली वक्र' म्हणून ओळखला जातो. त्याला बहुतेकांनी दिलेलं कारण साधं होतं: घनतेतला फरक. वायू वेगाने सुटला की थंड होतो आणि थंड झाला की दाट होतो. मॅक ५ चा, म्हणजे ध्वनीच्या पाचपट वेगाचा, प्रवाह शेजारच्या स्थिर हवेपेक्षा सुमारे सहापट दाट असतो. जड वायू हलक्याला दाद देत नाही, म्हणून पट्टा पसरत नाही, असा तर्क. ऐकायला चोख.

ब्राउन आणि रोश्को यांनी वेगाचा प्रश्नच बाजूला काढला. वेग अगदी कमी ठेवला आणि घनतेतला फरक मुद्दाम आणला: एका बाजूने नायट्रोजन, दुसऱ्या बाजूने हेलियम. घनता सातास एक. तर्क खरा असता तर इथेही पट्टा आक्रसायला हवा होता. तो थोडाफार बदलला, पण लँगली वक्राच्या तुलनेत ते काहीच नव्हे. म्हणजे दोष घनतेचा नाही. वेग ध्वनीच्या जवळ गेल्यावर वायू दाबला जाऊ लागतो, त्याचा म्हणजे संपीड्यतेचा हा परिणाम. संशय असलेल्या दोघांना वेगळ्या खोलीत बसवून जबाब घ्यावेत, तसा हा प्रयोग आहे. शिकवताना मी तो दरवर्षी नव्याने सांगतो आणि दरवर्षी मला तो तितकाच आवडतो.

रोश्को यांचं नाव आपल्याकडे आणखी एका संदर्भात यायला हवं. १९५० च्या आगेमागे हान्स लीपमान यांच्या हाताखाली कॅल्टेकमध्ये काम करणाऱ्यांत ते होते आणि सतीश धवनही होते. आघात तरंग (जिथे दाब एकाएकी उसळतो अशी लाट) भिंतीलगतच्या थरावर आपटून कसा परततो यावर लीपमान, रोश्को आणि धवन या तिघांचा एकत्र निबंध आहे. श्रीहरिकोट्याच्या केंद्राला आज धवनांचंच नाव आहे.

संपीड्यता हा दोषी सापडला, पण मोजायचा कसा? प्रवाहाचा मॅक अंक इथे कामाचा नाही, कारण भोवऱ्याला जमिनीशी देणंघेणं नसतं. तो स्वतः वाहत असतो. दोन्ही प्रवाह आपल्या अंगावरून किती वेगाने घासत जातात एवढंच त्याला कळतं. धावत्या लोकलमध्ये बसून शेजारच्या रुळावरची लोकल पाहावी, तसं. बॉगडॅनॉफ यांनी १९८३ मध्ये आणि पापामोशू व रोश्को यांनी १९८८ च्या निबंधात याच नजरेने एक मापक पक्का केला, संवहनी मॅक अंक. दोन्ही प्रवाह एकाच प्रकारच्या वायूचे असले तर हिशेब शाळकरी आहे: वेगांची वजाबाकी भागिले ध्वनिवेगांची बेरीज. ध्वनिवेग दोन्हीकडे ३०० मीटर, एक प्रवाह ९०० मीटरने आणि दुसरा ३०० ने जात असेल, तर उत्तर १ येतं. आता गरम हवा १,५०० मीटरने आणि तिच्या बाजूने हायड्रोजन १,२०० मीटरने सोडा. ध्वनिवेग अनुक्रमे ६०० आणि १,२०० धरा. वेग कितीतरी जास्त, पण उत्तर जेमतेम ०.१७. या दुसऱ्या प्रवाहातले भोवरे जवळजवळ ब्राउन-रोश्को यांच्या वड्यांसारखेच असणार. हायड्रोजनवाल्यांना निसर्गाने दिलेली ही सवलत आहे. केरोसीनवाल्यांना ती नाही.

पट्ट्याची रुंदावण्याची गती या अंकासमोर मांडली तर निरनिराळ्या वायूंची, वेगांची मोजमापं एका पट्टीत येतात. अंक ०.३ च्या खाली असेल तर फारसा फरक नाही. मग घसरण सुरू होते, आणि १ च्या आसपास रुंदावणं मूळच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यावर येऊन थांबतं. 'एका पट्टीत' म्हणताना मी थोडी सूट घेतो आहे. बिंदू बरेच विखुरलेले आहेत. पट्ट्याची जाडी छायाचित्रावरून मोजायची की दाबनळीने की वेगाच्या उतारावरून, यावर आकडा बदलतो. प्रवाहाला स्थिरावायला पुरेशी लांबी मिळाली का, भिंती जवळ होत्या का, यावरही. स्लेसर, झुआंग आणि डिमोटाकिस यांनी २००० साली वेगळा मापक सुचवला, कारण घनतेत फार तफावत असेल तर मूळ अंक पुरेसा पडत नाही. मापकाची कल्पना थोर, पण पहिल्या अंदाजापुरती, असं माझं मत.

वड्यांचं काय झालं हे आधी गणिताने सांगितलं. सँडहॅम आणि रेनॉल्ड्स यांनी १९९० च्या सुमारास दाखवलं की संवहनी मॅक अंक ०.६ च्या वर गेला की सरळ आडव्या लहरीपेक्षा तिरकी लहर जास्त जोमाने वाढते. किती तिरकी, तेही ठोकळमानाने सांगता येतं: लहरीच्या दिशेने पाहिलेला अंक ०.६ च्या जवळ राहील इतकी. अंक ०.८ असेल तर साधारण ४१ अंश, १ असेल तर ५३. घाटातला रस्ता सरळ चढत नाही, तिरका वळसा घेऊन चढ सुसह्य करतो. इथेही लहर तिरकी झाल्याने तिच्या वाट्याला येणारी वेगांची तफावत घटते. आता डावी-उजवी अशा दोन्ही अंगांनी तिरक्या लहरी एकदम उठल्या, की सलग लाटणं उरेल कसं? छेदाच्या चित्रातून वडी नाहीशी होते ती यामुळे.

क्लेमेन्स आणि मंगल यांनी तेच डोळ्यांनी दाखवलं. अल्कोहोलच्या वाफेचं धुकं प्रवाहात धरायचं आणि लेझरच्या पातळ पडद्याने त्याचा छेद उजळायचा. प्रकाश इतका क्षणिक की धावता प्रवाह गोठल्यासारखा दिसतो. अंक ०.२८ ला ओळखीच्या वड्या. ०.६२ आणि ०.७९ ला बाजूने पाहा की वरून पाहा, त्रिमिती विसकटलेपण.

इथवर फारसं कुणाचं भांडण नाही. भांडण 'का' वर आहे.

पहिलं लोकप्रिय उत्तर १९९०-९१ मध्ये आलं. झेमन यांनी एका बाजूने आणि सरकार व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या बाजूने मांडलं, की वेग इतका वाढल्यावर भोवऱ्यांच्या पोटात चिमुकले आघात तरंग तयार होत असणार. वायू दाबला जाण्या-फुलण्यात ऊर्जेचा एक जास्तीचा हिस्सा उष्णतेत जिरत असणार, म्हणून प्रक्षोभ मंदावतो. सूत्र सुटसुटीत होतं, प्रक्षोभाच्या आधीच्या गणिती प्रतिमानांत एक पद वाढवलं की काम भागत होतं, आणि त्याने लँगली वक्र बरोबर निघत होता. व्यवहारी अभियंत्याला आणखी काय हवं?

मग संगणक मोठे झाले आणि प्रवाहाची मूळ समीकरणं कुठलंही प्रतिमान न घालता थेट सोडवता येऊ लागली. व्रेमन, सँडहॅम आणि लुओ यांच्या १९९६ च्या निबंधात संपीड्यतेचा तो जास्तीचा ऊर्जाव्यय मोजला गेला. तो किरकोळ निघाला. छोटे आघात तरंग १.२ च्या आसपासच्या अंकाला दिसले, पण पट्ट्याची वाढ तर त्याच्या कितीतरी आधीपासून घटलेली असते. चोरी झाली तेव्हा हा चोर घरात पोचलाच नव्हता. स्वतः सरकार यांनीही १९९५ मध्ये आपल्या जुन्या उत्तराची बाजू न धरता दाखवलं, की खरी घट ऊर्जा जिरण्यात नाही, ती निर्माण होण्यातच आहे. आपलंच सूत्र जगभर वापरलं जात असताना असं लिहायला सचोटी लागते.

निर्माण होणं घटतं म्हणजे काय, ते जरा जवळून पाहू. दोन प्रवाहांच्या घासण्यातून ऊर्जा मिळते ती जवळजवळ सगळी लांबीच्या दिशेच्या हेलकाव्यांना. आडव्या दिशेच्या, म्हणजे एका प्रवाहातून दुसऱ्यात शिरणाऱ्या हेलकाव्यांना थेट काही मिळत नाही. त्यांच्यापर्यंत वाटा पोचवतो तो दाब. कुठे दाब वाढतो, कुठे घटतो, आणि लांबीच्या दिशेची ऊर्जा आडवी वळते. आडवे हेलकावे असले तरच नवा वायू पट्ट्यात ओढला जातो, आणि त्यातूनच पुन्हा नवी ऊर्जा काढता येते. दाब हा या घरातला वाटेकरी आहे. त्याने वाटणी थांबवली की एकाचं पोट भरलेलं, दुसरा उपाशी, आणि थोड्याच वेळात मिळकतही आटते.

संपीड्य प्रवाहात दाब वाटणी का थांबवतो? फुगडी आठवा. दोघींनी हात घट्ट धरलेले असतात, एकीने अंग मागे टाकलं की दुसरीला तो ओढा त्याच क्षणी कळतो, म्हणून फुगडी रंगते. ओढा अर्ध्या गिरकीने उशिरा कळला तर? दोघी भेलकांडतील. भोवऱ्याच्या एका कडेची खबर दुसऱ्या कडेला दाबाच्या लहरीने जाते, आणि ती लहर ध्वनिवेगापेक्षा जास्त धावू शकत नाही. संथ प्रवाहात ही खबर तत्काळ पोचते असं मानायला हरकत नसते. संवहनी मॅक अंक १ च्या जवळ आला की भोवरा फिरायला जेवढा वेळ घेतो तेवढाच वेळ निरोपाला लागतो. पँटानो आणि सरकार यांनी २००२ मध्ये नेमकं हेच मांडलं: निरोपाला उशीर झाला की दोन ठिकाणच्या दाबांचा मेळ तुटतो, आणि मेळ तुटला की वाटणी घटते. गिरिमाजी आणि सहकाऱ्यांनी याच गोष्टीला दुसऱ्या बाजूने हात घातला. वेगवान प्रवाहात दाब लाटेसारखा वागू लागतो, एका क्षणी देतो आणि पुढच्या क्षणी काढून घेतो, त्यामुळे अस्थिरतेची बेरीज होतच नाही. आयआयटी मद्रासमधल्या मंडळींनी त्यांच्याबरोबर प्रवाहाच्या स्थानिक रचनेवर केलेलं २०१९ चं कामही याच वाटेवरचं.

निरोपाच्या उशिराची कल्पना तशी आधीही सुचलेली होती. ब्रायडेन्थल यांनी १९९२ मध्ये सुचवलं, की ज्याच्या अंगभर खबर वेळेत फिरू शकते तेवढाच भोवरा कामाचा. त्याहून मोठा असेल तो नावापुरता. फ्रॉइंड, लेले आणि मोइन यांनी २००० साली गोल झोताच्या कडेवर हे प्रत्यक्ष आकड्यांत पाहिलं: आडवी मापं आक्रसतात. मात्सुनो आणि लेले यांच्या २०२१ च्या निबंधाचा सूरही तोच आहे. पट्टा स्वतःचं नियमन करतो. भोवरे इतके आखडतात की प्रत्येकाच्या अंगावर पडणारी वेगांची तफावत ध्वनीच्या मर्यादेत राहते. दुसऱ्या छायाचित्रातला बारीक पट्टा आता असा वाचता येतो.

याच कारणाने एक जुनं कोडंही सुटतं. विमानाच्या पृष्ठभागालगतचा प्रक्षुब्ध थर मॅक ५ पर्यंतही संपीड्यतेला फारशी भीक घालत नाही. मॉर्कोविन यांनी हे १९६२ मध्येच नोंदवलं होतं. चक्रावून टाकणारी गोष्ट ही, की त्या थरातल्या हेलकाव्यांचा वेग ध्वनीच्या तुलनेत मिश्रणाच्या पट्ट्यातल्याइतकाच असू शकतो. मग एकाला बाधा आणि दुसऱ्याला नाही, असं का? भिंतीशी भोवरे आखूड असतात. त्यांच्या अंगभर निरोप फिरायला वेळ लागत नाही. ऊर्जा जिरण्याचं स्पष्टीकरण मानणाऱ्या सूत्रांना हा फरक कळत नाही. ती भिंतीलगतही प्रक्षोभ विनाकारण घटवतात, आणि मग घर्षणाचे आकडे चुकतात.

तरीही ती सूत्रं हयात आहेत. प्रवाहाची गणितं करणारी सॉफ्टवेअर उघडलीत तर प्रतिमानाच्या पानावर 'संपीड्यतेचे परिणाम' अशा अर्थाची एक लहानशी चौकट बऱ्याचदा सापडेल. तिच्यात खूण केली की आत जे पद चालू होतं ते १९९०-९१ च्या घराण्यातलं. उत्तर जवळपास बरोबर येतं, कारण ते पद लँगली वक्राला बेतूनच शिवलेलं आहे. मी स्वतः विद्यार्थी असताना ती खूण कित्येकदा केली आणि आलेख जुळला म्हणून खूश झालो. जुळणं आणि समजणं यांतली फट लक्षात आली ती पुष्कळ नंतर, भिंतीलगतच्या उष्णतेचा आकडा वाकडा आल्यावर.

प्रयोगवाल्यांमध्येही एक तंटा बराच काळ होता. गोबेल आणि डटन यांना इलिनॉयमध्ये दिसलं, की आडवे हेलकावे घटतात पण लांबीच्या दिशेचे जवळपास तसेच राहतात. एलियट आणि समीमी यांना ओहायोत दोन्ही घटताना दिसले. फरक लहान वाटला तरी दाबाच्या वाटणीच्या कथेत तो कळीचा आहे. अलीकडे इलिनॉयच्याच प्रयोगशाळेत वेगाचे तीनही घटक लेझरने एकत्र मोजले गेले आणि कल पहिल्या बाजूला झुकला. मला ते पटतं, पण हे मोजमापही त्याच घरचं आहे, हे विसरायला नको.

निरोप पोचत नसेल तर इंजिनवाल्यांनी काय करावं? त्यांनी सीमेवरच्या आपोआप उठणाऱ्या लहरींची वाट पाहणंच सोडलं. प्रवाहाच्या दिशेने पिळत जाणारे भोवरे मुद्दाम घडवायचे: भिंतीवर उतरत्या पट्ट्या, पाकळ्यांसारखं तोंड, मधोमध उभं केलेलं पातं. या पिळाच्या वाटेला संपीड्यतेची बाधा फार कमी होते. कॅल्टेकच्या फ्रँक मार्बल यांची युक्ती मला सर्वांत सुबक वाटते. हलक्या हायड्रोजनच्या झोतावरून तिरका आघात तरंग जाऊ द्यायचा. हलका वायू जास्त उसळतो, जड कमी, आणि दोहोंच्या सीमेवर आपोआप पीळ बसतो. वेगाने जो भोवरा हिरावून घेतला, तो वेगाच्याच आघात तरंगाकडून परत मिळवायचा.

लढाऊ विमानाच्या झोतात याच पट्ट्याची दुसरी बाजू ऐकू येते. झोतातले भोवरे बाहेरच्या हवेच्या तुलनेत ध्वनीहून वेगाने पळू लागले, की होडीच्या नाळेपासून निघाव्यात तशा लाटा तिरक्या बाहेर फेकतात. मिसळणं मंद, आवाज प्रचंड.

एक अडचण मात्र तशीच उभी आहे. सगळं स्पष्टीकरण ज्या दाबाच्या हेलकाव्यांवर टेकलं आहे, ते पट्ट्याच्या आत थेट मोजणं फार अवघड. ध्वनीहून वेगवान प्रवाहात दाबनळी घातली की तिच्या टोकाशी स्वतःचाच आघात तरंग उभा राहतो, आणि मोजायचं ते मोजण्याआधीच बिघडतं. लेझर वेग दाखवतो, धुकं आकार दाखवतं. दाब दाखवणारं तितकं सोयीचं काही नाही. त्यामुळे दाबाविषयी आपण जे म्हणतो ते बहुतांशी संगणकातल्या प्रवाहांवरून, आणि ते प्रवाह खऱ्या इंजिनातल्यापेक्षा कमी प्रक्षुब्ध असतात. त्यात ज्वलनाची उष्णता घातली की घनता आणि ध्वनिवेग दोन्ही जागोजागी बदलतात, आणि संवहनी मॅक अंक नेमका कुठला धरायचा इथूनच पुन्हा सुरुवात करावी लागते. फलकावर तिसऱ्या छायाचित्रापुरती जागा मी रिकामी ठेवली आहे.